ग्वाम, १६६८ : चामोरो लोकांत कॅथलिक मिशन प्रत्यक्षात उभे कसे राहिले?

निशिगंध (प्रश्न)

पश्चिम पॅसिफिकमधल्या मारियाना बेटांवरच्या (ग्वाम हे त्यांतलेच, चामोरो हे तिथले मूळ रहिवासी) पहिल्या कॅथलिक मिशनबद्दल वाचायला गेले की फादर दिएगो लुईस दे सान व्हितोरेस यांचे संतचरित्र तरी हाती लागते, नाहीतर स्पॅनिश राजवटीने बेटे कशी रिकामी केली याचा हिशेब तरी. मला मधला कारभार समजून घ्यायचा आहे. परवानगी कोणाची लागली आणि पैसा कुठून आला? एवढ्या दूरच्या बेटावर माणसे आणि सामान पोचवले कसे? भाषा कधी शिकले? उतरल्यावर पहिल्या वर्षात नेमके काय केले? जून १६६८ मध्ये ज्यांचे स्वागत झाले त्याच सान व्हितोरेस यांना एप्रिल १६७२ मध्ये ठार मारले गेले. चार वर्षांत एवढे काय बिनसले? जाणकारांनी तपशिलात लिहावे. श्रद्धा बरोबर की चूक हा वाद इथे नको.

---

दर्यावर्दी

वाऱ्यापासून सुरुवात करतो, कारण या मिशनचे सगळे वेळापत्रक वाऱ्याने ठरवले.

मानिला ते ग्वाम अंतर अडीच हजार किलोमीटरच्या आसपास. नकाशावर वाटते, सरळ पूर्वेला जावे. पण त्या पट्ट्यात ईशान्येचे व्यापारी वारे समोरून येतात आणि तेव्हाच्या गलबतांना ते कापत जाणे परवडत नसे. त्यामुळे फिलिपिन्सहून ग्वामला जायचे तर आधी उत्तरेला चढून, पॅसिफिक ओलांडून मेक्सिकोत आकापुल्कोला पोचायचे आणि तिथून १३ अंश उत्तर अक्षांश धरून परत पश्चिमेला यायचे. ग्वाम नेमके त्या वाटेवर आहे. सान व्हितोरेस यांनी हेच केले. ऑगस्ट १६६७ मध्ये मानिलाजवळच्या कविते बंदरातून निघाले, मेक्सिको गाठले, २३ मार्च १६६८ ला आकापुल्को सोडले आणि १५ जूनला ग्वाम दिसले. शेजारच्या बेटावर जायला दहा महिने आणि दोनदा पॅसिफिक.

आता परवानगी. १६६२ साली मेक्सिकोहून मानिलाला जाताना त्यांचे जहाज या बेटांपाशी थांबले होते. तेव्हापासून त्यांनी हा ध्यास घेतला. स्पेनने १५६५ सालीच बेटांवर हक्क सांगितला होता, पण शंभर वर्षे तिथे ना चौकी होती ना चर्च. जहाजे थांबायची, लोखंडाच्या बदल्यात नारळ, मासे, पाणी घ्यायची आणि पुढे जायची. मानिलातले अधिकारी नाखूश होते, कारण बेटांवर सोने नाही, मसाले नाहीत, म्हणजे सगळा खर्चच. मग सान व्हितोरेस यांनी मानिलाला वळसा घालून थेट माद्रिदला अर्ज केले. वडील दरबारात वजन असलेले होते, आणि राणीचे पापनिवेदन ऐकणारे फादर नीथार्ड सान व्हितोरेस यांच्याच जेजुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघातले. फेलिपे चौथ्याची आज्ञा २४ जून १६६५ ची आहे. त्याच सप्टेंबरात राजा वारला आणि राणी मारियाना कारभारी झाली. 'लाद्रोनेस', म्हणजे चोरांची बेटे, हे मॅगेलनच्या वेळचे नाव जाऊन बेटांना तिचे नाव मिळाले ते यामुळे. पुढे मुलांच्या शाळेसाठी तिने वर्षाला ३,००० पेसो लावून दिले.

पुरवठ्याची दोरी मात्र एकच, आकापुल्कोहून वर्षातून एकदा येणारे गलबत. ते जूनच्या सुमारास येते, आणि नेमक्या त्याच वेळी फिलिपिन्सकडे नैर्ऋत्येचे वादळी वारे सुरू होतात. कप्तानाला पुढच्या सामुद्रधुनीत लवकर शिरायचे असते. नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या उमाताक खाडीत नांगर टाकून पाणी भरायचे, सामान उतरवायचे आणि पळायचे. वारा फिरला तर गलबत थांबतही नाही. मिस्सेला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, गव्हाचीच भाकर आणि द्राक्षाचीच वाईन लागते, त्याला पर्याय चालत नाही, आणि बेटावर गहूही नाही, द्राक्षही नाही. म्हणजे एक गलबत चुकले तर पुढचे वर्षभर पीठ आणि वाईन पुरवून वापरायची, तीही दमट हवेत किडीपासून सांभाळून. खाण्याचा प्रश्न तेवढा बिकट नव्हता, कारण भात, सुरण, फणसाच्या जातीचे ब्रेडफ्रूट आणि मासे बेटावर मुबलक.

---

स्नेहल_क

भाषेबद्दल थोडक्यात. १६३८ साली 'कॉन्सेप्सिऑन' हे मानिलाचे गलबत मारियानांतल्याच सायपान बेटाजवळ फुटले होते. त्यातून वाचलेले काहीजण बेटांवरच राहिले, काही फिलिपिन्सला परतले. अशा परतलेल्या माणसाकडून सान व्हितोरेस यांनी चामोरो भाषेचे पहिले धडे घेतले आणि प्रवासातच लॅटिनमध्ये तिचे छोटे व्याकरण लिहून काढले. त्यामुळे उतरल्या दिवशी ते तोडकेमोडके का होईना, पण चामोरोत बोलू शकत होते. बेटावर तीस वर्षे राहिलेला एक जहाजफुटी माणूस तर होडीतून त्यांच्या स्वागतालाच आला.

पहिल्या स्वागतात या तयारीचा वाटा फार मोठा आहे. आणि ते नुसते शिकवत बसत नसत. प्रार्थना आणि धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे चालीत बसवून, टाळ्या वाजवत पोरांबरोबर गात गावात शिरत. चामोरो लोकांत पाठांतराची आणि गाण्यातून चढाओढ करण्याची जुनी रीत होती, त्यामुळे हे पटकन रुजले. मोठी माणसे आधी पोरांचे गाणे ऐकायला जमत.

---

अरविंद ज.

आता पहिले वर्ष आणि बिघाड. दोन्ही एकत्रच लिहितो, कारण जे पहिल्या वर्षात यश म्हणून मोजले गेले त्यातच पुढचा बिघाड होता.

जागा. ग्वाममधल्या हागात्न्या गावचा प्रमुख किपुहा याने जमीन दिली. सहा जेजुइट आणि फिलिपिनी, मेक्सिकन, स्पॅनिश मिळून तीसेक मदतनीस व शिपाई तिथे राहिले. सुरुवातीला लाकूड आणि झावळ्यांचे चर्च, मग चुन्यात बांधलेले. चुना तिथे नवा नव्हता. पोवळे भाजून केलेला चुना चामोरो लोक सुपारीबरोबर रोजच खात, त्यामुळे भट्टी लावायला परक्या कारागिरांची गरज नव्हती. २ फेब्रुवारी १६६९ ला या चर्चचा अभिषेक झाला.

वरचे आणि खालचे. हागात्न्यासारख्या किनाऱ्यावरच्या गावांत उच्च कुळांचे लोक राहत. खालच्या थराच्या लोकांना त्यांच्या पंगतीला बसायची, काही पाण्यांत मासेमारी करायची मुभा नव्हती. उच्च कुळांनी स्पष्ट मागणी केली की बाप्तिस्मा फक्त आम्हाला द्या, असली मोठी गोष्ट खालच्यांना देऊ नका. सान व्हितोरेस यांनी ती साफ नाकारली. माझ्या मते हा त्यांचा सगळ्यात बरोबर निर्णय होता, पण ज्यांनी जमीन दिली तेच पहिल्याच महिन्यांत दुखावले हेही तितकेच खरे.

बाप्तिस्मा आणि विषाची अफवा. हा भाग नीट समजून घ्या. जेजुइटांची रीत अशी की गावात शिरले की आधी मरणपंथाला लागलेली बालके आणि म्हातारे शोधायचे. त्यांना बाप्तिस्मा न देता मरू दिले तर आत्मा गेला, ही तळमळ. पण याचा परिणाम बाहेरून पाहणाऱ्याला कसा दिसतो? काळ्या झग्यातला माणूस येतो, बाळाच्या डोक्यावर पाणी ओततो आणि ते बाळ दोन दिवसांत मरते. एकदा नाही, गावोगाव. शिवाय गलबताबरोबर आलेले आजार होतेच, त्यांची या बेटांना सवय नव्हती. दक्षिणेत पाआ गावी चोको नावाचा एक चिनी माणूस राहत होता, तोही वीसेक वर्षांपूर्वी वादळात वाहत आलेला. त्याने सांगायला सुरुवात केली की बाप्तिस्म्याच्या पाण्यात आणि तेलात विष आहे. सान व्हितोरेस स्वतः त्याच्या गावी गेले, लोकांसमोर कित्येक दिवस वाद घातला, चोकोने शेवटी बाप्तिस्माही घेतला आणि पुढे सोडूनही दिला. अफवा मात्र तोपर्यंत उत्तरेच्या बेटांवर पोचली होती. तिनियान बेटावर १६६८ च्याच ऑगस्टमध्ये मिशनमधल्या फादर मोरालेस यांच्या पायात भाला घुसला.

जेजुइटांच्याच अहवालात पहिल्या वर्षातले बाप्तिस्मे १३,००० आहेत. पाच-सहा माणसांनी एवढ्यांना काय शिकवले असेल? बरीचशी बालकेच. आई होडीतून पळून जाऊ लागली, बाळे लपवू लागली, तेव्हाच हात आखडता घ्यायला हवा होता.

पूर्वज. चामोरो लोक मृतांना घराखाली किंवा घराजवळ पुरत आणि पूर्वजांच्या कवट्या घरात जपत. मासेमारी, पाऊस, आजारपण, सगळ्यांत त्यांना हाक मारत. मिशनच्या लोकांनी त्या कवट्या काढून फोडल्या, जाळल्या. किपुहा चर्चच्या अभिषेकानंतर लवकरच वारला, तेव्हा घरच्यांना त्याला रीतीप्रमाणे पुरायचे होते. सान व्हितोरेस यांनी आग्रह धरून त्याला चर्चमध्ये पुरले. त्यांच्या दृष्टीने तो सन्मान होता. कुळाच्या दृष्टीने त्यांचा माणूस त्यांच्यातून तोडला गेला.

तरुणांची घरे. अविवाहित मुलगे एकत्र राहत ती मोठी घरे होती. होड्या बांधणे, दर्या वाचणे, भाला, गाणी, सगळे तिथे शिकत. काही मुलीही लग्नाआधी तिथे राहत आणि त्याबद्दल मुलीच्या घरी मोबदला जात असे. जेजुइटांना त्यात फक्त पाप दिसले. त्यांनी विरोध केला, पुढे अशी घरे जाळलीही गेली. कामवासना थांबवतो आहोत अशी समजूत, पण होडी बांधायची शाळाही त्याबरोबर जळाली.

आणि हे सगळे समजणारा माणूस किपुहा होता, तो आठ महिन्यांत गेला. एका प्रमुखाच्या शब्दावर उभे राहिलेले मिशन त्याच्या पश्चात किती उघडे पडते ते इथे दिसते. चामोरोंत सर्व बेटांवर चालेल असा कुणाचा हुकूमच नव्हता, प्रत्येक गावाशी वेगळी बोलणी करणे भाग होते.

---

निशिगंध

फार उपयोगी. अरविंदजी, यात शिपायांचा उल्लेख एकदाच आला. सान व्हितोरेस यांनी शिपाई मागितले होते का? आणि २ एप्रिलला नेमके काय झाले?

---

दर्यावर्दी

शिपायांवर मी लिहितो.

सुरुवातीला त्यांना मोठी फौज नकोच होती. फिलिपिनी ख्रिस्ती मदतनीस पुरतील, तेच आदर्श ठरतील, अशी त्यांची कल्पना. पण तिनियानवर दोन गावांचे भांडण पेटले तेव्हा मध्यस्थी करायला ते थोडे शिपाई आणि एक छोटी तोफ घेऊन गेले. तोफ घेऊन आलेल्या माणसाला कोणी मध्यस्थ मानत नाही. जानेवारी १६७० मध्ये सायपानवर फादर लुईस दे मेदिना मारले गेले, आणि मग सान व्हितोरेस यांनी स्वतःच फिलिपिन्समधल्या पंपांगा भागातले शिपाई मागवायला सुरुवात केली.

१६७१ मध्ये क्रूस करायला लाकूड तोडायला गेलेला एक मेक्सिकन मुलगा मारला गेला. शिपाई संशयितांना पकडायला गेले आणि त्या झटापटीत एक उच्च कुळातला माणूस ठार झाला. इथे हुराओ हा हागात्न्याचा प्रमुख उठला आणि सप्टेंबरात मिशनच्या तटबंदीला वेढा पडला. हुराओ मध्येच पकडला गेला होता. सान व्हितोरेस यांनी शिपायांच्या मताविरुद्ध त्याला सोडायला लावले. वेढा काही आठवडे चालला, त्यातच मोठे वादळ येऊन दोन्ही बाजूंची घरे उडाली.

२ एप्रिल १६७२ : सान व्हितोरेस आणि त्यांचा फिलिपिनी सहायक पेद्रो कालुंगसोद तुमोन गावी गेले. तिथे मातापांग नावाच्या माणसाची मुलगी नुकतीच जन्मली होती. मातापांगने आधी बाप्तिस्मा घेतला होता आणि सोडला होता. त्याने ठाम नकार दिला. सान व्हितोरेस किनाऱ्यावर पोरांना शिकवत बसले, त्याचा राग शांत होईल म्हणून. तो साथीदार आणायला गेला असताना त्यांनी आईच्या संमतीने बाळाला बाप्तिस्मा दिला. परत आल्यावर मातापांग आणि त्याचा साथीदार हिराओ यांनी आधी कालुंगसोदला आणि मग सान व्हितोरेस यांना भाल्याने आणि सुऱ्याने मारले. दगड बांधून मृतदेह खाडीत बुडवले.

त्यानंतर कारभार लष्कराच्या हाती गेला. होसे दे किरोगाने १६८० च्या आसपास विखुरलेल्या वस्त्या मोडून लोकांना चर्चभोवतीच्या मोजक्या गावांत आणून बसवले. दाटीवाटीच्या वस्तीत साथी पसरल्या. सतराव्या शतकाच्या अखेरीस उत्तरेच्या बेटांवरचे लोकही ग्वामला हलवले गेले. १७१० च्या शिरगणतीत चामोरो चार हजारांहून कमी उरले होते.

---

मार्था_डी

तुलनेसाठी एक वेगळे उदाहरण द्यावेसे वाटते, कारण ग्वाममध्ये जे चुकले त्यातल्या बऱ्याच गोष्टी तिथे मुद्दाम टाळल्या होत्या. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, डार्विनपासून सुमारे ८० किलोमीटरवर बाथर्स्ट बेट. तिथले लोक तिवी. फादर फ्रान्सिस झेवियर ग्सेल, मूळचे अल्सासचे, येशूच्या पवित्र हृदयाच्या मिशनरी संघाचे. त्यांनी आधी सरकारकडून १०,००० एकर जमीन घेतली आणि १९११ मध्ये बेटाच्या आग्नेय टोकाला उतरले. शेजारच्या मेलव्हिल बेटावर ब्रिटिशांनी १८२४ मध्ये किल्ला बांधून वसाहत करून पाहिली होती, ती पाच वर्षांत गुंडाळावी लागली. त्यामुळे तिवी परक्यांना ओळखून होते.

ग्सेल यांनी बाप्तिस्म्याची घाई केली नाही. बरीच वर्षे काम एवढेच : बाग लावणे, बांधकाम, आजाऱ्यांना औषध, कामाच्या बदल्यात पीठ आणि तंबाखू, आणि लग्न, वारसा, अंत्यविधी कसे चालतात ते पाहणे. १९१२ मध्ये सिस्टर्स आल्या. तिवींचे अंत्यविधी, कोरलेले रंगीत खांब उभारून होणारे, त्यांनी कवट्यांसारखे मोडून काढले नाहीत. प्रौढ माणूस क्वचितच ख्रिस्ती झाला, आणि ग्सेल यांनी ते लपवलेही नाही.

अडचण आली ती विवाहपद्धतीत. तिवींत मुलगी जन्मण्याआधीच तिचा नवरा ठरलेला असे, बहुतेक वयस्क. १९२१ मध्ये एक मुलगी अशा नवऱ्यापासून पळून मिशनमध्ये आली. तिला जबरदस्तीने परत नेले, ती जखमी पायाने पुन्हा आली, आणि मागोमाग पुरुषांचा जमाव. ग्सेल यांनी उपदेश केला नाही, शिपाई बोलावले नाहीत. रात्रभर विचार करून सकाळी टेबलावर माल मांडला : घोंगडी, पीठ, सुरा, कुऱ्हाड, कापड, तंबाखू, आरसा, सगळे मिळून दोनेक पौंडांचे. तिवी कायद्यात पत्नीवरचा हक्क मोबदल्यात दुसऱ्याला देता येतो, तर तो हक्क मला द्या. बोलणी होऊन सौदा ठरला. कायद्याप्रमाणे ती आता त्यांची 'पत्नी', म्हणून कोणी तिला हात लावू शकत नाही. वयात आल्यावर ती आपल्या पसंतीच्या तरुणाशी लग्न करू शकते. अशा सुमारे १५० मुली. १९३८ मध्ये ते डार्विनचे बिशप झाले तेव्हा जगभर याच आकड्याने ओळखले गेले.

माझ्या मते मिशन सुरू करणाऱ्याने इथून शिकायचे ते हे : त्यांच्याच कायद्यातली वाट शोधा, ज्याचा हक्क जातो त्याला त्याच्या रीतीने भरपाई द्या, आणि चार लोकांसमोर द्या.

---

अरविंद ज.

मार्थाताई, पद्धत संयमाची होती हे मान्य. पण त्या मुली मिशनच्या वसतिगृहात, आईपासून दूर वाढल्या. वयस्क पुरुषांचा हक्क विकत घेतला तेव्हा आईला आणि मावश्यांना कोणी विचारले? तिवी लग्नात सासू होणाऱ्या बाईशी जावयाचे नाते आयुष्यभराचे असते, तो तिला शिकार आणून देतो, तिची देखभाल करतो. मुलीचा हक्क फिरला की तिच्या म्हातारपणाची सोयही फिरते. दोन पौंडांच्या मालात हे बसत नाही. शिवाय १९४० पासून मेलव्हिलवरच्या गार्डन पॉइंटला मुख्य भूमीवरून मिश्र वंशाची मुले आणून ठेवली गेली, आईवडिलांपासून तोडून, आणि ते ठिकाणही याच संघाचे मिशन चालवत होते. मिशनवर विश्वास बसल्यानंतरच सरकार त्याच्या हाती अशी कामे देते. हेही शिकण्यात धरायला हवे.

---

मार्था_डी

आईचा मुद्दा मी सोडायला नको होता. सासूच्या हक्काचा विचार त्या सौद्यात झालेला नाही, हे खरे.

निशिगंध, तुमच्या मूळ प्रश्नासाठी एक गोष्ट जोडते, कारण तुमोनचा प्रसंग समजायला ती लागते. पालकांच्या इच्छेविरुद्ध अख्रिस्ती मुलाला बाप्तिस्मा देऊ नये, हे चर्चमध्ये नंतरचे शहाणपण नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच ते स्पष्ट लिहिले होते आणि प्रत्येक जेजुइट ते शिकलेला असे. म्हणूनच सान व्हितोरेस यांच्या बाजूच्या प्रत्येक वृत्तांतात आईच्या संमतीवर एवढा भर आहे. आजचा चर्चचा कायदा, कलम ८६८, किमान एका पालकाची संमती आणि मूल कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी सबळ आशा, दोन्ही मागतो. मुलाच्या जिवाला धोका असेल तर मात्र पालकांच्या इच्छेविरुद्धही बाप्तिस्मा वैध आणि कायदेशीर राहतो. प्रौढांसाठी कलम ७८८ आधी दीर्घ तयारीचा काळ सांगते.

तुमोनला एका पालकाची संमती होती. सबळ आशा होती का, हा प्रश्न उरतो : वडील श्रद्धा सोडून बसलेले, वेढा उठून सहा महिनेही झालेले नाहीत, आणि त्या गावात राहणारा धर्मगुरू एकही नाही.

---

स्नेहल_क

एक छोटी भर. चामोरोंत मूल आईच्या कुळाचे, जमीनही आईच्या कुळातून. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या रीतीने पाहिले तर बाळाबद्दल बोलायचा पहिला अधिकार आईचा आणि तिच्या भावाचा. मातापांगचा राग वडिलांचा हक्क डावलला म्हणून होता की पाण्याने बाळ मरेल या भीतीने, हे वेगळे करून पाहायला हवे. पाण्याबद्दलची भीती चार वर्षे जुनी होती आणि तुमोन हागात्न्याहून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे. तिथे कोणती बाळे बाप्तिस्म्यानंतर गेली हे गावातल्या प्रत्येकाला माहीत असणार.